बाळंतिणीच्या उशाची झारी: मेसोअमेरिकेच्या मातृदेवतांकडून एक मातीचं भांडं घडवताना

माझ्या गॅलरीत एक मग आहे. त्यात कढीपत्त्याचं रोप वाढतंय, कारण चहासाठी तो कुणी हातात धरला नाही. मगावर समोरासमोर आलेली दोन सापांची तोंडं, खाली तळहातांची आणि हृदयांची माळ, माळेत मधोमध कवटी. मेक्सिको सिटीच्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयात कोआत्लिक्वे या आश्तेक (अ‍ॅझ्टेक) मातृदेवतेचा जो दगडी पुतळा आहे, त्याच्या फोटोंवरून मी तो केला होता. मूळ शिल्प अडीच मीटरहून उंच, समोरच्याला धाक बसावा असं. तेच दहा सेंटिमीटरच्या मगावर उतरलं तेव्हा गाडीच्या काचेवर लावतात त्या स्टिकरसारखं दिसायला लागलं. मैत्रिणीच्या बाळाच्या बारशाला द्यायचा होता. तिच्या सासूबाईंनी तो हातात फिरवून पाहिला आणि शांतपणे विचारलं, "ही कवटी कुणासाठी?" मी मग परत घेऊन आले. बारशाला शेवटी स्टीलचा डबा दिला.

चूक कवटीत नव्हती. मी देवीचा चेहरा उचलला होता आणि तिचं काम मागे ठेवलं होतं. तेव्हापासून मी उलट्या बाजूने सुरुवात करते: ही देवी करते काय, आणि ते काम आजच्या आईच्या घरात कुठल्या वस्तूकडे येतं? या लेखात त्या वाटेने एक वस्तू पहिल्या कागदापासून पहिल्या पाण्यापर्यंत करून दाखवते: बाळंतिणीच्या उशाशी ठेवायची मातीची झारी. चाक लागत नाही. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी मेसोअमेरिकेत, म्हणजे मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेकडच्या देशांच्या पट्ट्यात, कुंभाराचं चाक नव्हतंच. तिथली सगळी भांडी हातावर किंवा साच्यात घडली. मातीत एक-दोनदा हात घातलेला असला की पुरे. वेळ मात्र तीन आठवडे धरा. त्यातले निम्मे नुसते वाळवण्यात जातात.

कागद मधोमध दुमडा

डाव्या रकान्यावर लिहा "दिसते कशी", उजव्यावर "करते काय". मग एकेक देवी घ्या. घाई करू नका. मला तरी सगळ्यात जास्त मजा याच पायरीत येते.

कोआत्लिक्वेचा डावा रकाना लगेच भरतो: सापांचा घागरा, नखांचे पाय, हातांची माळ. उजव्या रकान्यात? ती झाडते. कोआतेपेक नावाच्या डोंगरावर ती झाडलोट करत असताना पिसांचा एक गोळा वरून पडतो, ती तो उचलून कंबरेला खोचते आणि तिला दिवस जातात. संतापलेली मुलगी कोयोल्शाउकी आणि चारशे मुलगे आईला मारायला निघतात, तेवढ्यात पोटातला उइत्सिलोपोच्त्ली शस्त्रं घेऊनच जन्मतो आणि बहिणीचे तुकडे करतो. लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहणाऱ्या आपल्याला झाडणारी देवी परकी वाटत नाही. तरी "ही त्यांची लक्ष्मी" असं मात्र म्हणू नका. असं म्हटलं की पुढचं काही शोधावंसं वाटत नाही.

त्लासोल्तेओत्ल ही कातते. तिच्या शिरोभूषणात न कातलेला कापूस आणि चात्या खोचलेल्या असतात. ती घाणही खाते, म्हणजे माणसांची पापं पोटात घेते. म्हणून तिच्या तोंडाभोवती काळा रंग. लंगोट धुणाऱ्या कुठल्याही आईला हे काम समजावून सांगायला नको. बाळंतिणीच्या वाफेच्या स्नानालाही, तेमास्कालला, स्वतःची देवी होती आणि ते स्नान मेक्सिकोत आजही चालतं. आपल्याला इथे शेक-शेगडी आठवेल.

चाल्चिउत्लिक्वे, म्हणजे जिचा घागरा हिरव्या रत्नांचा आहे ती, पाण्याची देवी. तिचं काम न्हाऊ घालणं. सुईण तिचं नाव घेऊन नवजात बाळाला पाण्याचा स्पर्श करवी. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात असलेल्या मेंडोसा कोडेक्सच्या (कोडेक्स म्हणजे चित्रांची हस्तलिखित पोथी) ५७व्या पानावर हा विधी चितारला आहे: पाण्याचं पात्र, त्याभोवती सुईणीच्या पावलांचे ठसे, वर मुलासाठी ढाल-बाणांसारखी चिन्हं आणि खाली मुलीसाठी केरसुणी, चाती, टोपली. वस्तू घडवणाऱ्याला हे एक पान वर्षभर पुरेल.

आता सिवातेतेओ, म्हणजे बाळंतपणात दगावून देवी झालेल्या बायका. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म असं आपण म्हणतो. नावा लोक, म्हणजे आश्तेक आणि त्यांची भाषा बोलणारे, त्याला सरळ लढाई म्हणत. बाळ बाहेर आलं की सुईण रणात ठोकावी तशी आरोळी ठोके, कारण बाईने एक कैदी जिंकून आणलेला असे. पहिल्या बाळंतपणात जी दगावली ती धारातीर्थी पडलेल्या योद्ध्याच्या बरोबरीची. माध्यान्हीपासून मावळतीपर्यंत सूर्याला पोचवायचं काम या बायकांकडे. पण याच बायका ठराविक दिवशी चौरस्त्यांवर उतरून लहान मुलांना धरतात, अशी भीतीही होती. फ्रे बेर्नार्दिनो दे साआगुन या फ्रान्सिस्कन पाद्र्याने नावा लोकांकडून ऐकून लिहवून घेतलेल्या फ्लोरेन्टाइन कोडेक्सच्या सहाव्या भागात सुईणीची भाषणं आहेत; ती वाचताना मी मधेच पुस्तक मिटलं होतं. वेराक्रूसमधल्या एल सापोताल इथे या बायकांच्या जवळजवळ पुरुषभर उंचीच्या भाजलेल्या मातीच्या मूर्ती निघाल्या. त्या शालापाच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात आहेत: डोळे मिटलेले, तोंड उघडं, कंबरेला सापाचा पट्टा. एवढी मोठी मूर्ती मातीत उभी करून न तडकता भाजायची हे किती अवघड आहे ते भट्टी लावणाऱ्याला विचारा.

शेवटी माया लोकांची म्हातारी चाक चेल. तिचं काम ओतणं. ड्रेस्डेन कोडेक्सच्या ७४व्या पानावर आकाशातला मगरीसारखा प्राणी पाणी ओकतोय आणि त्याच्याखाली ही म्हातारी घडा पालथा करून ओततेय. डोक्यावर गाठ मारलेला साप, घागऱ्यावर फुल्यांसारखी हाडं. याच देवीच्या गोत्रातल्या इश्चेलबद्दल दिएगो दे लान्दा या पाद्र्याने सोळाव्या शतकात युकातानात लिहून ठेवलं की बाळंतिणीच्या खाटेखाली तिची मूर्ती ठेवत.

खाटेखाली ठेवत! हे वाचलं आणि माझी वस्तू ठरली. देव्हाऱ्यात वा भिंतीवर नाही, खाटेशी. रात्रीच्या अंधारात हात पोचेल तिथे.

पुढे जाण्याआधी दोन खबरदाऱ्या. इंटरनेटवर इश्चेल म्हणून एक सुंदर तरुणी सशाबरोबर चंद्रकोरीवर बसलेली दिसते. बरेच माया-अभ्यासक त्या तरुण चंद्रदेवीला आणि या म्हाताऱ्या सुईणदेवीला वेगळं मानतात. आपल्याला म्हातारी हवी आहे. दुसरं, वॉशिंग्टनच्या डंबार्टन ओक्स संग्रहात उकिडवं बसून बाळ जन्माला घालणारी एक छोटी दगडी मूर्ती आहे, "आश्तेक प्रसूतिदेवी" म्हणून ती शेकडो पोस्टरांवर आणि लॉकेटांवर छापली गेली. तिच्यावरच्या हत्यारांच्या खुणा तपासून ती एकोणिसाव्या शतकातली असावी असं मत २००८मध्ये मांडलं गेलं. अशा वस्तूवर आपलं डिझाइन उभं करू नये. कोडेक्सची पानं आता ग्रंथालयांनी स्वतः ऑनलाइन ठेवली आहेत. फोटो-बोर्डांवर भटकण्यापेक्षा मूळ पान उघडा. आणि माया देवीला आश्तेक दागिने घालू नका. पैठणीवर कथकलीचा मुकुट चढवल्यासारखं होतं ते.

आता कात्री घ्या आणि कागदाचा डावा रकाना कापून बाजूला ठेवा. फेकू नका, एक चिन्ह नंतर लागेल.

एका बाईची एक रात्र

उजव्या रकान्यातलं एकच क्रियापद निवडा. माझं "ओतणं". मग ज्या बाईसाठी वस्तू करायची तिची एक रात्र तासातासाने लिहून काढा. मी मैत्रिणीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, बाळ अंगावर प्यायला लागलं की दोन मिनिटांत घशाला कोरड पडते, आणि नेमका तेव्हाच एक हात अडकलेला असतो. उशाशी तांब्या-फुलपात्र असतं. पण तांब्याला कान नाही, धार कुठे पडेल याचा भरवसा नाही, आणि दिवा लावला की बाळ उठतं.

यातून सगळ्या अटी निघाल्या. एका हाताने उचलता आली पाहिजे. अंधारात कान हाताला सापडला पाहिजे. धार फुलपात्रातच पडली पाहिजे. धक्का लागून कलंडता कामा नये. आत किमान अर्धा लिटर पाणी. झाकण म्हणून घरातलंच फुलपात्र पालथं बसलं पाहिजे. आणि शेवटची अट सासूबाईंची: कवटी नको.

तांब्याला तोटी आणि कान दिला की झारी झाली. तोटीची भांडी मायांनाही परकी नव्हती. बेलीझमधल्या कोल्हा इथल्या दोन हजारांहून अधिक वर्षं जुन्या तोटीच्या भांड्यांत कोकोचे अंश सापडलेत.

मापं

माती वाळताना आणि भाजताना आकसते. किती, ते प्रत्येक मातीचं वेगळं, म्हणून आधी तपासा. मातीची पट्टी लाटून तिच्यावर बरोबर १० सेंमीची रेघ ओढा, वाळवून भाजून घ्या आणि पुन्हा मोजा. माझ्या टेराकोटाची रेघ ९.२ सेंमी झाली, म्हणजे ८ टक्के. मग हव्या त्या मापाला ०.९२ने भागायचं.

भाजल्यावर उंची १५ सेंमी हवी, तर ओली १६.३. पोटाचा व्यास १२.५ हवा, तर १३.६. तळ ९ हवा, तर ९.८. माझ्या फुलपात्राचं तोंड आतून ७.५ सेंमी, म्हणून झारीच्या कंठाचा बाहेरचा व्यास ७ आणि ओला ७.६. तुमच्या घरातलं फुलपात्र मोजून घ्या, कंपनीगणिक बदलतं. पाण्याच्या बाबतीत बरेच जण फसतात. लांबी ८ टक्के आकसली तर आतली जागा तिन्ही दिशांनी आकसते आणि जवळजवळ २२ टक्के जाते. ६०० मिली हवं असेल तर ओलं भांडं ७७० मिलीचं करावं लागतं.

जाड कागदावर झारीची अर्धी बाह्यरेषा काढून कापा. पुढे घडवताना हा साचा सतत भांड्याला लावून बघायचा.

माती आणि उभारणी

सव्वा किलो टेराकोटा माती घ्या, तिच्यात भाजलेल्या मातीचा बारीक चुरा १० टक्के. चुऱ्यामुळे माती वाळताना कमी तडकते. कुंभाराकडून माती आणलीत तर किती तापमानाला भाजतात ते विचारा. गणपतीची शाडू यासाठी नको. माती चांगली मळा, तारेने कापून आत बुडबुडा दिसतो का बघा.

फिरता पाट नसला तरी अडत नाही. मेक्सिकोच्या ओहाका राज्यातल्या सान बार्तोलो कोयोतेपेकचे कुंभार एक बशी पालथी घालतात, तिच्यावर दुसरी सुलटी ठेवतात आणि तीच हाताने गरगर फिरवतात. मी जुन्या चिनी मातीच्या बशा वापरते, काम भागतं.

सुलट्या बशीत ओलसर सुती फडकं अंथरा, त्यावर ८ मिमी जाडीची तळाची चकती. मग करंगळीपेक्षा जराशा जाड वळ्या करून एकावर एक चढवायच्या. प्रत्येक वळी आतून खाली आणि बाहेरून वर, अशी अंगठ्याने सांधायची. सांधा दिसायचा थांबला म्हणजे जुळला असं नाही. बोट दाबून बघा. तीन-चार वळ्या झाल्या की थांबा, अर्धा तास माती घट्ट होऊ द्या, नाहीतर पोट खाली बसतं. पोटाचा फुगवटा वळ्यांनी आणायचा नाही. सरळ नळी उभी करा आणि आतून गुळगुळीत गोटा धरून बाहेरून लाकडी थापीने थापटत फुगवा. थापटण्याने माती दाबली जाते, भिंत मजबूत होते. मग खांद्याशी वळ्या आत घेत कंठ बांधा.

दुसऱ्या दिवशी खरवडणं. ओहाकातल्याच सान मार्कोस त्लापासोला गावच्या झापोतेक कुंभारणी दाणे काढलेलं मक्याचं कणीस आणि भोपळ्याच्या कवचाचा तुकडा यासाठी वापरतात. मी कणीस वापरून पाहिलं, आणि स्टीलच्या पट्टीपेक्षा मला ते आवडलं. ओल्या पृष्ठभागावरचे उंचसखल भाग ते एकसारखे करत जातं, ओरबाडत नाही. भिंत ६ मिमीपर्यंत आणा. रिकामी झारी भाजल्यावर ६०० ग्रॅमच्या आत राहिली पाहिजे. पाण्यासकट सव्वा किलोच्या वर गेली तर निजलेल्या बाईच्या मनगटाला ती जड.

तोटी

इथे मी एक अख्खी झारी घालवली. दुसऱ्या प्रयत्नातली तोटी दिसायला फार देखणी होती, हंसाच्या मानेसारखी पुढे झुकलेली. पाणी भरायला घेतलं आणि झारी अर्धी भरते न भरते तोच तोटीतून धार सुरू. शाळेत शिकलेली गोष्ट होती: एकमेकांना जोडलेल्या भांड्यांत पाण्याची पातळी सारखीच राहते. तोटीचं टोक कंठाच्या काठाइतकं तरी उंच हवंच. मी आता पाव इंच वरच ठेवते.

बोटभर जाडीच्या काठीभोवती मातीची पातळ पट्टी गुंडाळून शंकूसारखी तोटी करा, बुडाशी ३.५ सेंमी, टोकाशी दीड. ती पोटाच्या वरच्या तिसऱ्या भागात बसते. जोडायची जागा आखून तिथे आतून एकच मोठं भोक पाडा, १.८ सेंमीचं. चहाच्या किटलीसारखी जाळी करू नका. गाळायला इथे काही नाही, आणि बाटलीचा बारीक ब्रश आत गेला पाहिजे. भोकाच्या कडेला चिकटलेली मातीची पूड ओल्या बोटाने काढून टाका, नाहीतर झारीतला शुक्राचार्य तिथेच बसतो आणि भाजल्यावर काही केल्या निघत नाही.

दोन्ही बाजू सुईने चिरून, पातळ मातीचा चिखल लावून तोटी दाबून बसवा. टोकाची खालची कड धारदार ठेवा. गोल केली की शेवटचा थेंब तोटीच्या अंगावरून ओघळत गादीवर जातो. लगेच पाणी घालून बघू नका, माती ओली आहे. कागदाची सुरळी तोटीत घालून कोन तपासा.

कान

कान कुठे लावायचा? सवयीने आपण तोटीच्या बरोबर मागे लावतो. निजलेल्या माणसाला तसं ओतताना कोपर वर उचलावं लागतं. तोटीशी काटकोनात, बाजूला लावला तर नुसतं मनगट वळवून ओतता येतं. मी मैत्रिणीला कुशीवर निजवून, हातात मातीचा कच्चा नमुना देऊन दोन्ही करून पाहिलं. काटकोन जिंकला. ती बाळाला बहुतेक डाव्या कुशीवर घेते, म्हणून कान तिच्या उजव्या हाताच्या बाजूला. डावखुऱ्या आईसाठी उलट.

आता कापून ठेवलेला डावा रकाना काढा. चाक चेलच्या डोक्यावर गाठ मारलेला साप आहे. मातीच्या दोन वळ्या एकमेकींत पीळ घालून कान केला, आणि वरच्या सांध्यापाशी एक गाठ ठेवली. फणा, डोळे, जीभ काहीच काढलं नाही. ज्याने कोडेक्सचं पान पाहिलंय त्याला साप दिसेल, बाकीच्यांना पीळ. अंधारात मात्र बोटांना लगेच कळतं की हा कान, कारण बाकी सगळं अंग गुळगुळीत असणार आहे. चिन्ह आणि उपयोग एकाच जागी आले, म्हणून मी आणखी काही घातलं नाही. घागऱ्यावरची फुल्यांची हाडं खांद्यावर कोरायचा मोह झाला होता. तीही भरली असती तर परत मगाचीच गत.

एक तांत्रिक गोष्ट. कानाची माती आणि अंगाची माती सारख्याच ओलसर असतानाच जोडा. माझ्या पहिल्या कानाला सांध्याशी भेग गेली, कारण झारी आदल्या दिवशीची आणि कान ताजा होता. आता मी कान करून तासभर झाकून ठेवते, मगच जोडते.

तळाखालची खूण

कोआत्लिक्वेच्या त्या पुतळ्याची सगळ्यात विलक्षण गोष्ट समोरून दिसतच नाही. तिच्या पायांखाली, जमिनीला टेकणाऱ्या बाजूला, त्लाल्तेकुत्ली ही भूदेवता कोरलेली आहे. ते कोरीव काम माणसांसाठी नव्हतं, जमिनीसाठी होतं. हा पुतळा १७९०मध्ये मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकात खोदकामात निघाला, आणि लोक त्याची पूजा करू लागतील या धास्तीने पुन्हा पुरलाही गेला.

चिन्ह घेऊ नका, रीत घ्या. झारीचा तळ दोनेक मिलिमीटर आत खरवडा म्हणजे कडेवर ती स्थिर बसते, आणि त्या खोलगट भागात बाळाची जन्मतारीख, आईचं नाव, काय हवं ते कोरा. कोरताना बांबूची टोकदार काडी वापरा; सुईने कोरलेलं फार खोल आणि धारदार होतं, तिथून भेग जाते.

घोटणं

माती चामड्यासारखी झाली, म्हणजे दाबली तर दबते पण बोटाचा ठसा राहत नाही, की नदीतल्या गुळगुळीत गोट्याने अंग घोटा. कान सोडून. छोट्या गोल फिरक्या, हलका हात. फडकं ओलं करू नका. दोन तास लागतात; रेडिओ लावून बसा.

झारी पुढे सांगितलेल्या रीतीने खडखडीत वाळली की तिच्यावर बारीक मातीचे हात द्यायचे. ३.५ लिटर पाण्यात १.५ किलो कोरडी लाल माती आणि ७.५ ग्रॅम सोडियम सिलिकेट घुसळून वीस तास अजिबात न हलवता ठेवा. तीन थर होतात: वर स्वच्छ पाणी, खाली गाळ, मधे दुधासारखा पातळ लाल घोळ. नळी लावून फक्त मधला काढा. मऊ ब्रशने तीन पातळ हात द्या आणि प्रत्येक हात ओलसर असतानाच अंगठ्यावर मऊ प्लास्टिकची पिशवी ताणून घासा. चमक तिथल्या तिथे वर येते. एवढा घोळ एका झारीला फार होतो; बरणीत ठेवा, वर्षभर टिकतो.

वाळवण आणि भाजणी

आठवडाभर सावलीत, पिशवीत सैल गुंडाळून. तोटीच्या टोकाला आणि कानाला जास्तीचं फडकं, कारण बारीक भाग आधी वाळतात आणि सांध्याला ओढ बसते. वाळली का हे गालाला लावून बघा. गार लागली तर आत ओल आहे.

स्वतःची भट्टी नसेल तर स्टुडिओत फळीच्या भाड्याने जागा मिळते. झारी ग्लेझची नाही हे आधीच सांगा आणि पुढचं वेळापत्रक लिहून द्या: १२० अंशांपर्यंत ताशी ४५, तिथे दोन तास थांबणं, मग ६०० अंशांपर्यंत ताशी ६०, पुढे ९०० पर्यंत ताशी १००, शेवटी पाव तास. एकूण साधारण पंधरा तास. १२०ची थांबणूक वगळू देऊ नका. एकदा घाईत ती वगळली गेली आणि जाड कानातली ओल वाफ होऊन माझ्या कानाबरोबर शेजारणीचे दोन दिवेही फुटले. ५७३ अंशांना मातीतला क्वार्ट्झ एकदम फुगतो, म्हणून तो टप्पा हळू हवा, उतरतानाही. भट्टी १०० अंशांच्या खाली येईपर्यंत झाकण उघडायचं नाही. ९००च्या फार वर नेलंत तर घोटलेली चमक मरते.

पहिलं पाणी

नव्या माठाला करतो तेच. रात्रभर बादलीत बुडवून ठेवा, पहिली दोन-तीन पाणी झाडांना घाला. घोटल्यामुळे झारी माठापेक्षा कमी पाझरते, म्हणून माठाइतकं गार पाणी मिळणार नाही, पण खाली ताटली हवीच. आत दूध, सरबत किंवा औषधी काढा कधीही नको. मातीच्या छिद्रांत तो मुरतो. साबणही नको, गरम पाणी, ब्रश आणि आठवड्यातून एकदा कडक ऊन.

विकायच्या असतील तर आणखी थोडं. मेक्सिकोच्या १९७२च्या कायद्याप्रमाणे तिथल्या पुरातन वस्तूंच्या प्रतिकृती धंद्यासाठी करायला सरकारी संस्थेची परवानगी लागते. २०२२पासून मूळनिवासी समाजांच्या नक्षी आणि कलाकुसरीवरच्या सामूहिक हक्कासाठीही तिथे स्वतंत्र कायदा आहे. आपण प्रतिकृती करत नाही, आणि हे कायदे पुण्यात येऊन कुणाला पकडणार नाहीत. पण त्लापासोलाच्या कुंभारणी त्यांची लाल भांडी आजही स्वतः विकतात, तेव्हा आपल्या झारीवर "अस्सल मेक्सिकन" अशी चिठ्ठी लावणं म्हणजे त्यांच्या गिऱ्हाइकावर हात मारणं. मी चिठ्ठीवर तीन ओळी लिहिते: पुण्यात हाताने घडवली, ओतण्याचं काम माया देवी चाक चेलकडून, ड्रेस्डेन कोडेक्स, पान ७४, माती घोटायची रीत ओहाकाच्या आणि आपल्या कुंभारांची.

तिसरी झारी मी मैत्रिणीकडे नेली तेव्हा बाळ सात महिन्यांचं झालं होतं, म्हणजे तशी उशीराच. पहिल्या रात्री ताटलीत चारेक चमचे पाणी उतरलं. सासूबाईंनी सकाळी ती रिकामी करून उलटी केली, तळावरची तारीख वाचली, पिळाच्या कानावरून बोट फिरवलं आणि कवटीचं काही विचारलं नाही. म्हणाल्या, अजून एक करून ठेव, धाकटीला आठवा लागलाय. आणि ती डावखुरी आहे.